पांझराकाठ पिवळा करायचा का? नदीकाठच्या जमिनी रहिवासी करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यात हा विषय जुना आहे. पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले तेव्हा तो गाजला आणि अधूनमधून पुन्हा निघतो. काठालगतच्या जमिनी शेती झोनमधून काढून रहिवासी करा, शहराला घरं मिळतील, असं एक बाजू म्हणते. नदीच्या पोटात घरं बांधायला निघालात काय, असं दुसरी विचारते. टपरीवर चहाचे दोन कट होईपर्यंत दोन्हीकडचे आवाज चढलेले असतात, आणि पूररेषेचा नकाशा मात्र कुणीच पाहिलेला नसतो.

मी देवपुरात राहतो. नगररचनाकार नाही, वकीलही नाही. नोकरीची सगळी वर्षं नकाशे काढण्यात गेली, म्हणून लोक उतारा आणि झोन दाखला घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. एकदा लिहूनच काढावेत म्हटलं. उदाहरणं बहुतेक धुळ्याची आहेत, पण बोरीकाठचं अमळनेर असो, तितूरकाठचं चाळीसगाव असो की गोमाईकाठचं शहादा, कायदा तोच लागतो. माझं मत मी लपवलेलं नाही, ते वाचताना कळेलच.

झोन बदलतो म्हणजे नक्की काय बदलतं?

कागदावर रंग बदलतो. विकास आराखड्याच्या नकाशात रहिवासी भाग पिवळा असतो आणि शेतीचा हिरवा. हिरव्यात शेती करता येते, गोठा बांधता येतो, ४० गुंठ्यांच्या वर जमीन असेल तर अटी पाळून फार्महाऊसही बांधता येतं. ले-आउट पाडून प्लॉट विकता येत नाहीत. पिवळा झाला की तेही करता येतं. बिनशेतीसाठी पूर्वी जे हेलपाटे घालावे लागत तेसुद्धा कमी झालेत. आराखड्यात जमीन रहिवासी असेल तर महसूल संहितेतल्या नव्या तरतुदींनुसार वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही.

जमिनीवर त्या दिवशी काहीच बदललेलं नसतं. तीच काळी माती, तीच विहीर, तोच पांझरेचा काठ. बदलतो तो भाव. म्हणून या वादात पैसा आहे, आणि पैसा आहे म्हणून आवाज आहे.

नदीची जमीन कुणाची?

पात्र सरकारचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०: नद्या, नाले आणि त्यांचे तळ राज्याच्या मालकीचे. काठावरची शेतं खाजगी आहेत, त्यांचे सातबारे आहेत.

घोळ होतो मधल्या पट्ट्यात. नदी दरवर्षी थोडी इकडे सरकते, थोडी तिकडे. एका शेतकऱ्याची जमीन खरडून नेते आणि दुसऱ्याच्या बांधाला मळई, म्हणजे गाळाची नवी जमीन, टाकते. कायद्यात मळईची वेगळी तरतूद आहे, खरडून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करण्याचीही आहे. पण सातबाऱ्यावर अमुक हेक्टर लिहिलंय म्हणून तेवढी जमीन आज पाण्याबाहेर असेलच असं नाही. मोजणी केल्याशिवाय कुठल्याही नदीकाठच्या उताऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काठ इतकी वर्षं मोकळा राहिलाच कसा? आपले पूर्वज काय वेडे होते?

उलट, ते फार हिशेबी होते. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर लहान लहान बंधारे घालायचे, तिथून पाट काढायचा, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटून एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. काठाची जमीन ही गावाची भाकर होती. तिथे घर बांधणं म्हणजे भाकरीवर पाय देणं.

दुसरं कारण पाणी. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्य ठाणं धुळ्याला केलं. पेठेतल्या सरळ गल्ल्या त्या काळातल्या आखणीच्या. ते शहर वसून जेमतेम दोन पिढ्या होतात तोच १८७२ मध्ये पांझरेला महापूर आला आणि धुळ्यातली घरंदारं वाहून गेली. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. आजच्या घोषणा देणाऱ्यांपैकी त्या पुराचं नाव घेणारा मला अजून भेटायचाय.

एक गंमत सांगतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं काम साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळचं होतं, पांझरेच्या प्रवाहाखालून पाण्याचा नळ, म्हणजे सायफन नेण्याचं. नदीला पूर येत राहिला, काम वाळूने भरत राहिलं, आणि पावसाळा संपेपर्यंत थांबू द्या अशी विनंती या तरुण इंजिनिअरला वरिष्ठांकडे करावी लागली. पुढे त्यांनी ते काम पुरं केलं. पण पहिल्याच वर्षी पांझरेने त्यांना थांबवलं होतं, हे ब्रोशरवर नदीकिनारी बाकं काढणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आमच्या नदीला आठ महिने पाणीच नसतं. पूर कुठून येणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणारा दर वेळी हसत विचारतो.

धुळं सह्याद्रीच्या पावसाच्या छायेत आहे. पाऊस बेताचा. पण पांझरा धुळ्यात उगवत नाही. ती वर पश्चिमेला, पिंपळनेरच्या डोंगरांत उगवते, आणि तिकडे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. वाटेत कान, जामखेली अशा नद्या तिला मिळतात. लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही धरणं भरली की सांडव्याचं सगळं पाणी खालच्या अक्कलपाडा धरणात येतं, आणि अक्कलपाडा भरला की दरवाजे उघडतात. मग धुळ्यात ऊन पडलेलं असताना पुलाखाली लाल पाणी घुमत असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच झालं. शहरातले पूल बंद करावे लागले, काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं.

धरण आहे म्हणजे पूर आला तरी अडेल, ही समजूत अर्धीच खरी. धरण रिकामं असताना आलेला पहिला पूर ते पोटात घेतं. भाद्रपदात, धरण काठोकाठ असताना आलेला पूर ते तसाच पुढे सोडतं. त्यात धरणामुळे मधली वीस वर्षं पात्र कोरडं दिसतं, माणसं निर्धास्त होतात आणि पात्राच्या आणखी जवळ सरकतात.

तापीचंच घ्या. पांझरा मुडावदला तापीला मिळते, आणि तीच तापी पुढे उकाईच्या धरणातून सुरतेला जाते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडल्यावर सुरत बुडाली. सुरतेतल्या उधना-लिंबायतला खान्देशातली किती कुटुंबं राहतात हे सांगायला नको. ज्यांच्या घरी त्या वर्षी सुरतेहून बहीण-भाचे आले होते, त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही.

चाळीसगावला तर मोठं धरणही लागलं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे डोंगरात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम आल्या, बाजारपेठेत पाणी, गुरं वाहून गेली, कन्नड घाटात दरडी. आदल्या उन्हाळ्यात त्याच पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

पाटबंधारे खात्याने, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाने, १९८९ साली ठरवून दिलेल्या या रेषा आहेत. सरासरीने २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो, किंवा नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट पाणी आलं तर ते जिथपर्यंत पसरेल, त्यातली जी पातळी जास्त ती निळी रेषा. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी. नदीवर वर धरण असेल तर सांडव्यातून जास्तीत जास्त किती पाणी सुटू शकतं आणि खालच्या मोकळ्या क्षेत्रातून किती येईल, हेही तिच्यात धरतात.

नियम २०२० साली मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. काठापासून निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम नाही. बाग, भाजीबाजार, पार्किंग, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प असली कामं चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर.

आता खरी मेख. ही मेख मला कुठल्याही सभेत कुणी सांगताना ऐकलेली नाही. नदीकाठ ते निळी रेषा यांतला तुकडा जर रहिवासी झोनमधल्या प्लॉटचा भाग असेल, तर त्या तुकड्याचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क, त्याच प्लॉटच्या उरलेल्या जागेवर वापरता येतो. म्हणजे जिथे वीटही लावता येत नाही त्या जमिनीलाही पिवळ्या रंगामुळे किंमत येते. ‘तिथे बांधता येणारच नाही, मग झोन बदलला तर तुमचं काय जातं’ असं कुणी म्हणालं तर हे आठवा. बांधकाम तुकड्यावर होत नाही, पण शेजारी दोन मजले वाढतात, आणि सगळी वस्ती नदीला तेवढीच चिकटून राहते.

शंभर वर्षांचा पूर २०१९ ला येऊन गेला असं धरलं, तर आता २११९ पर्यंत निवांत?

नाही. आणि २०१९ चा पूर शंभर वर्षांचा होता असं मी तरी म्हणणार नाही.

‘शंभर वर्षांत एकदा’ याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. डब्यात १०० चिठ्ठ्या, एकीवर ‘पूर’. दर पावसाळ्यात एक उचलायची, पाहायची आणि परत डब्यात टाकायची. यंदा निघाली म्हणून पुढच्या वर्षी डब्यातून ती नाहीशी होत नाही.

घरकर्ज २० वर्षांचं धरा. लाल रेषेवरच्या घरात त्या २० वर्षांत एकदा तरी पाणी शिरायची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेवरच्या घरात (२५ वर्षांत एकदा, म्हणजे दरवर्षी ४ टक्के) ती ५६ टक्के, म्हणजे हप्ते संपायच्या आत पाणी येईल याकडेच पारडं झुकलेलं. घर ५० वर्षं टिकवायचं असेल तर निळ्या रेषेवर ८७ टक्के आणि लाल रेषेवर सुमारे ३९. कॅल्क्युलेटरवर कुणीही करून बघावं: १ ला ०.९६ ने वर्षांइतक्या वेळा गुणायचं आणि आलेलं उत्तर १ मधून वजा करायचं. लाल रेषेसाठी ०.९९ घ्यायचं.

भराव टाकला, भिंत बांधली, की प्रश्न मिटला ना?

तुमच्यापुरता थोडा मिटतो. समोरच्याचा वाढतो.

पुराचं पाणी अमुक एवढं येणारच आहे, ते तुमच्या भिंतीला विचारून येत नाही. नदीची रुंदी निम्मी केली तर तेवढंच पाणी जायला खोली साधारण दीडपट लागते. जिथे ४ मीटर पाणी चढायचं तिथे ६ मीटर चढणार. भिंत तेवढी उंच असेल तर ठीक, पण वरच्या बाजूच्या गावात पाणी तुंबणार, समोरच्या काठावर भिंत नसेल तर तिकडे पसरणार, पुलाच्या कमानींत अडकणार. देवपूरने भिंत बांधायची आणि जुन्या धुळ्याने पाणी उपसायचं, किंवा उलट.

दुसरी अडचण शहरातल्या नाल्यांची. पावसाचं आणि गटारीचं पाणी नाल्यांतून नदीत जातं. नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि पाणी उलटं वस्तीत शिरतं. भिंत असेल तर झडपा बसवाव्या लागतात, आतलं पाणी उपसायला पंप लागतात, पंपाला रात्री दोन वाजता वीज आणि जागा माणूस लागतो. हा खर्च भिंतीच्या अंदाजपत्रकात नसतो. तो पुढची तीस वर्षं पालिकेच्या, म्हणजे घरपट्टीच्या डोक्यावर.

आणि भराव कशाचा टाकतात तेही बघा. मी पाहिलेल्या भरावांत पाडलेल्या घरांचा राडारोडा, काळी माती आणि प्लास्टिक असं सगळं एकत्र असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर नीट पाया न घेता बांधलेलं घर पूर न येताही तडकतं.

अहमदाबादला साबरमती केलीच ना? आपल्याकडे का नको?

साबरमती पाहून आलेला माणूस सहा महिने तिचंच बोलतो, मी समजू शकतो. पण तिथे नदी दोन्ही बाजूंनी काँक्रीटने बांधून २६३ मीटर अशा एकसारख्या रुंदीची केली. त्यातून निघालेल्या जमिनीतला मोठा भाग रस्ते, बागा आणि सार्वजनिक वापरासाठी ठेवला. काठावरच्या हजारो झोपडीवासीयांना हलवावं लागलं, त्यावर कोर्टबाजी झाली. आणि पात्रात जे निळंशार पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं.

पांझरेत ओतायला आपल्याकडे नर्मदा नाही. धुळ्याला प्यायलाच तापीवरून आणि नकाणे, डेडरगाव तलावांतून पाणी आणावं लागतं. भिंती बांधल्या आणि मध्ये पाणी नसलं तर जे दिसेल ते सांडपाणी असेल.

पण शहराला घरं हवीत, हे तरी मान्य कराल?

मान्य. मनापासून. पेठेतल्या गल्ल्यांत दोन खोल्यांत सात माणसं राहतात, पोराचं लग्न ठरलं की आधी भाड्याची खोली शोधावी लागते. जे लोक नदीकाठ खुला करा म्हणतात त्यांत फक्त बिल्डर नाहीत, हे विरोध करणाऱ्यांनीही समजून घ्यावं. माझ्या ओळखीतल्या एका रिक्षावाल्याने मला सरळ विचारलं, “काका, तुमचं घर झालंय म्हणून तुम्हाला नदीचा पुळका.” त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं.

आज आहे ते असं. साक्री रोडला, वलवाडीला, हद्दवाढीत आलेल्या बाकी गावांत फिरा. मंजूर ले-आउटमध्ये गाजरगवत माजलेले प्लॉट दिसतील. मालकाने गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले. काही ठिकाणी घर बांधायची तयारी आहे पण रस्ता नाही, नळ नाही, गटार नाही. आधी ती जमीन राहण्याजोगी करा. नदीकाठच्या प्लॉटचा भाव त्या रिक्षावाल्याला परवडणार नाहीच. ‘रिव्हर व्ह्यू’ लिहिलेली जाहिरात त्याच्यासाठी छापलेली नसते. नदीकाठी स्वस्तात मिळतो तो फक्त निळ्या रेषेच्या आतला, कागद नसलेला प्लॉट, आणि तो नेमका त्याच्याच गळ्यात मारला जातो.

लाल रेषेच्या बाहेरची काठाकडची जमीन, जिथे उंची आहे आणि रस्ता आहे, तिथे रहिवासी करायला माझी हरकत नाही. काही नदीप्रेमी मित्रांना हे पटत नाही, चालायचंच.

घरं वाढली तर सांडपाणी किती वाढेल?

हिशेब सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. काठावर ५०० घरं झाली, घरटी ५ माणसं, तर रोज सुमारे २ लाख ७० हजार लिटर. ते कुठे जाणार, याचं उत्तर प्रस्तावात लिहिलेलं असावं. नसेल तर ते कुठे जाणार हे तुम्हाला माहीत आहे.

शेतकऱ्याचं काय? त्याची जमीन कायम हिरवीच ठेवून त्याच्यावर अन्याय नाही का होत?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. शेती झोन वेगळा आणि आरक्षण वेगळं. जमिनीवर बाग, शाळा, रस्ता असं आरक्षण असेल आणि आराखडा मंजूर झाल्यावर १० वर्षांत ती घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक खरेदी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. आरक्षणाच्या बदल्यात टीडीआरही, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो. शेती झोनला यातलं काही लागू नाही, कारण शेती करण्याचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही.

तरी त्याचं दुखणं खरं आहे. बांधापलीकडच्याची जमीन पिवळी झाली, तो चारचाकीतून फिरतो, आणि याच्या विहिरीत शहराचं गटार उतरतं. ‘शेती करता येते ना’ हे त्याला ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. नदीचा काठ मोकळा राहिल्याचा फायदा शहराला होतो, तर त्याची काही किंमत शहराने मोजावी. काठाचा पट्टा सार्वजनिक हरित पट्टा म्हणून आरक्षित करून त्याचा टीडीआर द्यायचा हा एक मार्ग आहे. पण टीडीआर विकत घेणारे गिऱ्हाईक आपल्यासारख्या शहरात किती, हा प्रश्न उरतोच. माझ्याकडे त्यावर तयार तोडगा नाही.

झोन बदलायची प्रक्रिया काय असते? कुठे अडवता येते?

आराखडा मंजूर झालेला असताना मधेच बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधलं कलम ३७ लावतात. आधी महापालिकेच्या महासभेचा ठराव. मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना. सूचनेपासून एक महिना हरकती-सूचनांसाठी. मग सुनावणी, मग प्रस्ताव राज्य शासनाकडे. शासन नगररचना संचालकांशी विचारविनिमय करून मंजूर करतं, बदलून मंजूर करतं किंवा नाकारतं.

या कलमात एक अट आहे: बदल असा हवा की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही. एखाद्या गटाचा झोन बदलणं या चौकटीत बसू शकतं. काठाचा अख्खा पट्टा उलटा करणं बसतं का, हा मुद्दा हरकतीत जरूर मांडा. संपूर्ण आराखड्याची सुधारणा चालू असेल तर कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं, तिथेही मुदत महिन्याचीच.

महिना म्हणजे महिना. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, बहुधा सणासुदीत येते. ती आली हे कळेपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात.

हरकत कोण घेऊ शकतं? कशी लिहायची?

कुणीही. काठावर जमीन नसली तरी. भाडेकरूही. कायद्यात कुठलीही व्यक्ती असंच म्हटलंय.

दोनशे जणांच्या सह्यांचं छापील पत्र देण्यापेक्षा वीस वेगवेगळ्या हरकती द्या, प्रत्येकीत एकच ठोस मुद्दा. गट नंबर लिहा. ‘पर्यावरणाची हानी होईल’ असं मोघम लिहिलं तर ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गट नंबर अमुकमध्ये निळी रेषा कुठून जाते, ती कोणत्या वर्षी आखली, अक्कलपाड्याचा विसर्ग त्यात धरला का, जलसंपदा विभागाचा अभिप्राय कोणत्या तारखेचा आहे. अशा प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी कुणाला तरी फाइल उघडावी लागते. २०१९ मध्ये तुमच्या भिंतीवर पाण्याची खूण पडली असेल तर टेप लावून तिचा फोटो जोडा. सुनावणीला मी पाहिलंय, दहा पानी भाषणापेक्षा तो फोटो जास्त वेळ टेबलावर राहतो.

पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. सुनावणीला स्वतः जा. शेवटचं पत्र देऊन गावाला निघून जाणारे फार असतात.

पूररेषेचा नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस मुदत. तिथे महिन्याच्या मुदतीशी गाठ पडते, म्हणून सूचना निघायची वाट न बघता आत्ताच अर्ज करून ठेवा. मी एकदा या नकाशासाठी एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडे. तिसऱ्या फेरीला नकाशा मिळाला तो पहिल्याच टेबलाच्या खणात होता, चहाच्या ट्रेखाली पसरलेला. त्यावर कपाचा गोल डाग नेमका लाल रेषेवर होता.

काठावर आधीच झोपड्या आहेत, त्यांना कुणी काही म्हणत नाही. मग प्लॉटवाल्यांनाच का नियम?

झोपडीत राहणारा नदीचा देखावा बघायला तिथे गेलेला नाही. त्याला पुनर्वसन द्या, शाळा आणि रोजगार जवळ असेल अशा ठिकाणी. त्याच्याकडे बोट दाखवून ले-आउट मंजूर करून घेणं मला पटत नाही.

मी काठालगत प्लॉट बघतोय. काय तपासू?

पालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, एजंटने मोबाईलवर दाखवलेला नको. त्यावर पूररेषेचा शेरा आहे का ते पाहा. शेरा नसणं म्हणजे पूररेषा नसणं असं नाही, तिथे ती आखलेलीच नसेल. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठांपेक्षा जास्त प्लॉटचा असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी हवीच. ले-आउटमध्ये दाखवलेली मोकळी जागा कुठे आहे तेही बघा. दहा टक्के सोडावी लागते म्हणून नेमका पाण्याखाली जाणारा कोपराच बागेसाठी दाखवायची पद्धत आहे.

“बँक कर्ज देतेय म्हणजे सगळं ओके” असं एजंट म्हणेल. बँक टायटल बघते. पाण्याची पातळी बघणं तुमचं काम.

आणि सगळ्यात स्वस्त तपासणी: त्या शिवारातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला गाठा, तंबाखू मळून द्या, आणि विचारा की तुमच्या आठवणीत पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं होतं. मग त्या झाडाजवळ उभं राहून प्लॉटकडे बघा.

आम्ही तर काठावर घर बांधून पंधरा वर्षं राहतोय. आते काय करानं?

घाबरून विकायला काढू नका, पण निवांतही बसू नका. बांधकाम अधिकृत असेल तर पुनर्विकासाच्या वेळी जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर नेऊन आणि जलसंपदाचा ना हरकत दाखला घेऊन पुन्हा बांधता येतं. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या तुकड्यावरचं, असेल आणि नियमित करायचं असेल तर पैसे भरायच्या आधी पूररेषेचं लेखी विचारा.

तोवर घरातली सोय बघा. मीटर आणि स्विचबोर्ड कमरेच्या वर घ्या. खरेदीखत, सनद, कर पावत्या, आधार, पोरांच्या मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, एक जोड गावातल्या नातेवाइकाकडे. घरविमा असेल तर त्यात पूर आहे का ते वाचा. श्रावण-भाद्रपदात अक्कलपाड्याचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की गाडी आधी वरच्या रस्त्याला नेऊन लावा, गुरं सोडून ठेवा, आणि शेजारच्या आजीला कोण उचलणार हे आदल्या रात्री ठरवा.